काच, रबर आणि एक दगड

आमच्या फियाटच्या डॅशबोर्डमधल्या कप्प्यात एक दगड असतो, हे आमच्या नात्यागोत्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लिंबाएवढा, काळा, एका बाजूने चपटा. १९९६ च्या मे महिन्यात खंबाटकी घाटात पुढे चाललेल्या खडीच्या ट्रकमधून तो उडाला, आमच्या गाडीच्या पुढच्या काचेवर बसला, काचेचा चुरा झाला, पण ह्यांनी गाडी जराही डगमगू दिली नाही. ही गोष्ट ह्यांनी किती लग्नांत, किती मुंजींत, किती डोहाळजेवणांच्या पंगतीनंतर सांगितली असेल त्याची गणतीच नाही. कुणी "खरंच?" असं म्हटलं की हे मुकाट्याने उठायचे, गाडीकडे जायचे आणि दगड आणून त्याच्या तळहातावर ठेवायचे. मग पुढे बोलायची कुणाची बिशाद!

तर मंडळी, ती गोष्ट खोटी आहे. काच मी फोडली.

आता एवढ्या वर्षांनी हे का सांगत बसले आहे, तर परवा त्या गाडीची पुढची काच काढून नवं रबर घालून पुन्हा बसवली आणि त्यात मलाही काम करावं लागलं. पण आधी गाडीविषयी थोडं.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८४ सालची. नाव पद्मिनी, तरी घरात सगळे फियाटच म्हणतात. आणि ते चूकही नाही, कारण १९६४ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यात जी फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली, तीच पुढे १९७४ पासून पद्मिनी या नावाने मिळू लागली. स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट. त्या सीटवर आम्ही पुढे तिघे आणि मागे पाच असे वाईला गेलेलो आहोत. मुंबईत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांतून चार दिवस हळहळ चालली होती. आमची मात्र इथे साताऱ्यात मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी होती. हे जाऊन आता चार वर्षं होतील. मला चालवता येत नाही. मुलगा पुण्याहून आला की पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचा, धूर काढायचा आणि "आई, आता हिचं काहीतरी करायला हवं" असं म्हणून बंद करायचा. काहीतरी करायला हवं म्हणजे विकायला हवं, हे मला कळत होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर नातू सुट्टीला आला. तो इंजिनिअरिंगला आहे, पण त्याचा जीव आजोबांच्या गाडीत. दार उघडून बसला आणि तसाच बाहेर आला. पायाखालची मॅट उचलून मला दाखवली तर खाली पाणी, आणि कडेला चक्क कुत्र्याची छत्री उगवलेली. शेडचा पत्रा एका बाजूने उडालेला होता, तिथून पाऊस थेट पुढच्या काचेवर येत होता. आणि काचेच्या भोवतीचं रबर म्हणजे नुसता पापड झालेला. नखाने टोकरलं तर तुकडा हातात आला.

रबराचं हे असं का होतं ते नातवाने मला समजावून सांगितलं. झाडाच्या चिकापासून केलेलं साधं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ व्हायचं. १८३९ मध्ये गुडइयर नावाच्या अमेरिकन माणसाने गंधक घालून ते तापवलं, तेव्हा कुठे ते कामाचं झालं. पण ऊन आणि हवेतला ओझोन हळूहळू त्याला खातच असतात. आधी केसाएवढ्या भेगा, मग कडकपणा, मग आकसणं. आकसलं की पहिल्यांदा कोपरे सुटतात. आता ई.पी.डी.एम. नावाचं कृत्रिम रबर मिळतं, ते ओझोनला दाद देत नाही म्हणे. मी पस्तीस वर्षं मुलींच्या वह्यांवर खोडरबर फिरताना पाहिलं, पण खोडरबरावरूनच इंग्रजीत त्या पदार्थाला घासणारा म्हणजे रबर असं नाव पडलं, हे मला या वयात कळलं. असो.

मुलाने फोनवर सांगितलं, "कशाला खर्च? घेणारा आहे तशी घेतोय." मी म्हटलं, "एकदा पाणी तरी थांबवू." एवढंच बोलले. माझ्याही मनात त्याहून जास्त काही नव्हतं.

नातवाने आधी घरबसल्या कुठूनतरी रबर मागवलं. मिस्त्रींनी ते पाहिलं, बोटांत धरून दुमडलं, नाकाशी नेलं आणि परत दिलं. "ह्याची खाच बारीक हाय. काच बसंल, पर पत्रा बसायचा न्हाय." हे मिस्त्री आमच्या गाडीचे जुने. त्यांचे वडील आधी पाहायचे, आता हेच साठीच्या पुढे आहेत. त्यांची बहीण माझ्या वर्गात होती, म्हणून मला बाई म्हणतात. शेवटी नातू पुण्याला गेला आणि नाना पेठेतून मीटरवर मिळतं ते रबर घेऊन आला. ते रबर पाहिलं आणि मी थोडी हादरलेच, कारण १९९६ मध्येही ह्यांनी रबर आणलं होतं ते नाना पेठेतूनच.

आता ती गोष्ट.

गाडी आम्ही १९९२ मध्ये एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. चार वर्षांत पुढच्या काचेतून पाणी यायला लागलं. ह्यांना सगळं स्वतः करायची हौस. बँकेत दिवसभर आकडे, त्यामुळे रविवारी हात काळे केल्याशिवाय चैन पडायचं नाही. त्याच वर्षी मी बहिःस्थ एम.ए. करायचं ठरवलं होतं, मराठी घेऊन. शिवाजी विद्यापीठाचा फॉर्म आणून ठेवला होता. फी, पुस्तकं, परीक्षेला कोल्हापूरला राहण्याचा खर्च, असे सगळे पैसे जमवून कपाटातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. एके दिवशी डबा उघडला तर निम्मे पैसे नाहीत. ह्यांनी गाडीच्या पत्र्याच्या कामाला आणि रबराला घेतले होते. "पुढच्या महिन्यात ठेवतो की," म्हणाले. विचारून घेतले असते तर मी दिलेही असते. पण विचारलं नाही.

आणि मी भांडलेही नाही. हे वाईट. भांडले असते तर बरं झालं असतं.

तो रविवार मला अजून आठवतो. मुलगा होस्टेलवर, घरात आम्ही दोघंच. काच बसवायला माणसं दोन लागतात, एक बाहेर आणि एक आत. हे बाहेर, मी आत सीटवर. रबराला दोन खाचा असतात. एका खाचेत काच बसते, दुसऱ्या खाचेत गाडीच्या पत्र्याची कड. आधी रबर काचेला चढवायचं, मग दुसऱ्या खाचेत सगळीकडून दोरी घालायची, दोरीची दोन्ही टोकं खालच्या बाजूला मधोमध आत सोडायची आणि काच बाहेरून चौकटीवर टेकवायची. आतल्या माणसाने दोरी हळूहळू ओढत जायची. दोरी निघते तसा रबराचा आतला ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येतो, आणि त्याच वेळी बाहेरच्याने तिथेच तळहाताने दाबायचं. म्हणजे दोघांचं लक्ष एकाच जागी हवं. कागदावर लिहायला सोपं आहे.

खालची बाजू बसली. उजवा कोपरा आला. कोपऱ्यात रबर ताणलं जातं आणि काचेवरून सटकायला बघतं. हे म्हणाले, "थांब." मी थांबले. "थांब म्हटलं ना, कळत नाही का?" मी थांबलेलीच होते हो! त्या क्षणी मला तो बिस्किटांचा डबा दिसला. आणि मी दोरी ओढली. चुकून नाही, घाईने नाही. रागाने ओढली, सगळा जोर लावून.

रबर सटकलं, काचेची उघडी कड पत्र्याला लागली, बाहेरून ह्यांचा दाब होताच. आवाज मोठा नव्हता. फट्ट, बस्स. आणि माझ्या मांडीवर, केसांत, ब्लाउजमध्ये सगळीकडे खडीसाखर. त्या वेळच्या काचा तशा टफन्ड असायच्या. तापवून एकदम गार केलेल्या, त्यामुळे वरचा थर आवळलेला आणि पोटात ताण. सपाट भागावर बुक्की मारली तरी काही होणार नाही, पण कडेला एक टवका उडाला की सगळा ताण एकदम सुटतो आणि अख्खी काच बारीक तुकड्यांत विखुरते. मोठे धारदार तुकडे होत नाहीत, हाच त्यातला फायदा. मला एक ओरखडासुद्धा आला नाही.

हे समोर उभे होते. दोन्ही तळहात तसेच पुढे, पण त्यांच्याखाली काच नाही. आमच्या दोघांच्या मध्ये नुसती मोकळी चौकट. मला वाटलं आता ओरडतील. ह्यांनी विचारलं, "लागलं का गं?" मी नाही म्हटलं. मग दार उघडून माझ्या पदरावरचे तुकडे एकेक वेचत बसले. एका शब्दाने बोलले नाहीत.

संध्याकाळी कोरेगावहून भाऊजी आले. अंगणात शिरतानाच म्हणाले, "दादा, हे काय झालं?" मी तोंड उघडणार एवढ्यात ह्यांनी सांगितलं, "अरे, परवा पुण्याहून येताना खंबाटकीत खडीच्या ट्रकातून दगड उडाला." मी चहा टाकायला आत गेले. आठवड्याभरात तो दगड कप्प्यात दिसला. कुठून आणला मला माहीत नाही. बहुधा आमच्याच मागच्या नळाजवळचा.

नवी काच आली ती लॅमिनेटेड. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो, ती तडकते पण विखुरत नाही. १९०३ मध्ये बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच माणसाच्या हातून प्रयोगशाळेत काचेचं भांडं पडलं, ते तडकलं पण सुटलं नाही, कारण आत एका रसायनाचा पापुद्रा वाळलेला होता. त्यातून ही कल्पना निघाली. ती काच मिस्त्रींच्या वडिलांनी बसवली. डब्यातले उरलेले पैसे तिच्यात गेले. एम.ए. राहिलंच. पुढच्या वर्षी करू, त्याच्या पुढच्या वर्षी करू, असं करत मी बी.ए. वरच निवृत्त झाले.

पहिली काही वर्षं मला वाटायचं, ह्यांनी मला वाचवलं. दिरासमोर बायकोची फजिती नको म्हणून. मग वाटायला लागलं, स्वतःलाच वाचवलं. गॅरेजचे पैसे वाचवायला गेलेल्या माणसाने काच फोडून घेतली, हे कोण सांगेल? खरं काय ते मला आजही माहीत नाही. दगडाची गोष्ट सांगताना हे माझ्याकडे कधी बघत नसत. आणि मी दोरी मुद्दाम ओढली हे त्यांना कळलं होतं का? पंचवीसएक वर्षं आम्ही त्या काचेमागे शेजारी शेजारी बसून फिरलो. मी एकदाही विचारलं नाही, आणि सांगितलंही नाही.

तर परवा तीच काच पुन्हा काढायची होती.

काढणं तसं सोपं गेलं, कारण रबर मेलेलंच होतं. मिस्त्रींनी वायपर काढले, रबरात बसवलेली चकचकीत पट्टी उपसली, मग ब्लेडने बाहेरचा ओठ सगळीकडून कापत नेला आणि काच अलगद उचलून ओसरीवर दोन उशांना टेकवून ठेवली, वर जुनी चादर. बाळंतिणीला ठेवावं तशी. खाली पत्र्याच्या कडेला गंजाने दोन भोकं पाडली होती. ते काम आठ दिवस चाललं. घासणं, तुकडा जोडणं, रेड ऑक्साइड, रंग. त्यात मला काही सांगण्यासारखं नाही. कानठळ्या बसल्या एवढंच.

बसवायच्या दिवशी मिस्त्रींनी रबर आधी तासभर उन्हात ठेवलं. काचेभोवती चढवताना ते ताणू देत नव्हते. ताणून बसवलं की आज बरं दिसतं आणि दोन वर्षांनी आकसून सांध्याला फट पडते. उलट दोन बोटं जास्तच ठेवून कापलं आणि सांधा वरच्या बाजूला घेतला, कारण पाणी साठतं ते खाली. साबणाचं पाणी भरपूर. नातू म्हणाला, ग्रीस लावू का? मिस्त्री असे काही बघितले त्याच्याकडे! तेला-ग्रीसने रबर फुगतं आणि सडतं.

मग ते खांदा चोळत म्हणाले, "मी एका अंगाला, तू दुसऱ्या अंगाला दाबायचं. आता आत कोण?" त्यांचा मुलगा येणार होता, तो आलाच नव्हता. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. "बाई, तुम्ही बसा की आत. लई बळ लागत न्हाय."

नको म्हणायला माझ्याकडे चांगली कारणं होती. गुडघे आहेत, वय आहे. पण उठले.

तीच सीट. बसताना हात टेकला तो सीटच्या पाठीच्या आणि बैठकीच्या फटीत गेला, आणि बोटाला काहीतरी टोचलं. काढून पाहिलं तर खडीसाखरेचा खडा. काचेचा. नातवाला दाखवला नाही, पदराच्या टोकाला बांधला.

मिस्त्रींनी दोरीचं टोक हातात दिलं. खालची बाजू सुरू झाली. दोरी काचेच्या मध्याच्या दिशेने ओढायची, झटका द्यायचा नाही. एक वीत ओढली की बाहेरून थाप पडते आणि रबर पच्च असा आवाज करून आत येतं. फार समाधानाचा आवाज असतो तो. मग उजवा कोपरा आला.

"थांबा बाई," मिस्त्री म्हणाले.

मी थांबले. त्यांनी बाहेर साबणाचं पाणी सोडलं, रबर अंगठ्याने मागे सारलं, काच किंचित वर उचलायला नातवाला सांगितलं. पुन्हा तपासलं. दोन मिनिटं झाली, चार झाली. माझी बोटं आखडली, दोरी तळहातात रुतली. सैल सोडायची नाही आणि ओढायचीही नाही, नुसती धरून ठेवायची. घाम डोळ्यांत यायला लागला. काचेतून मिस्त्रींचे पांढरे झालेले तळहात दिसत होते. मी त्या हातांकडे बघत होते.

"हां. आता या. हळू."

आले. कोपरा बसला. पुढचं अर्ध्या तासात झालं. दोन्ही बाजू, शेवटी वरची. मग मिस्त्रींनी सायकलच्या स्पोकपासून घरीच केलेल्या आकड्याने ती चकचकीत पट्टी रबरात भरली. पाऊण तास ते एकटेच तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होते.

पाणी थांबलं का हे बघायला नातवाने गाडीत खाली सगळीकडे वर्तमानपत्रं पसरली आणि बाहेरून पाइप लावला. थेंब पडला की कागदावर डाग दिसतो, ही युक्ती मला आवडली. वीस मिनिटं पाणी मारलं. डावीकडे पायाशी रुपयाएवढा एकच डाग आला. तिथे रबराखाली काळं सीलंट भरलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी मारलं, कागद कोरडे.

कप्पा साफ करताना नातवाने दगड काढला. "आजी, हा परत ठेवायचा ना?" मी त्याला सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच, डब्यासकट. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण मी कॉलेजात सगळ्यांना सांगितलंय, आजी!"

हँडब्रेकचं काम अजून व्हायचं आहे. अंगणाला उतार आहे, म्हणून सध्या तो दगड मागच्या चाकाला लावला आहे. लहान पडतो, शेजारी एक वीट ठेवली आहे. पुढच्या महिन्यात गाडी आर.टी.ओ. त दाखवायची आहे, नोंदणी आणखी पाच वर्षांनी वाढवून घ्यायला. मुलाला सांगितलं, तेव्हा घेणाऱ्याचं नाव त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही.

भाऊजी, तुम्ही हे वाचल्याबरोबर फोन कराल हे मला माहीत आहे. दुपारी एक ते तीन मी झोपलेली असते, त्यानंतर करा.